प्रेमाकाकूंची चौकशी

असल्फ्याच्या चाळीत प्रेमा गवाणकर बावीस वर्षं बारा बायकांची भिशी चालवतात आणि आजवर ती कोणी बुडवलेली नाही. कारण नव्या बाईला घेण्याआधी काकू तिच्या घरी चहा पिऊन येतात. माणूस कसा आहे, ते त्यांना चहा उकळेपर्यंत कळतं.

यंदा पुतण्या प्रीतमने टुमणं लावलं, भिशीचे सगळे पैसे एका नव्या क्रिप्टोत घाला. "काकू, वर्षात तिप्पट!" बायका भुलल्या. तेव्हा काकू प्रीतमला घेऊन मुलुंडच्या हॉलमध्ये त्या क्रिप्टोवाल्यांच्या सभेला गेल्या, पैसे घरी ठेवून.

पडद्यावर सुटातल्या संस्थापकाचा फोटो आला, तशा त्या उठल्या. "याच्या घरचा चहा कोण प्यायलंय?"

हॉल खो खो हसला. टायवाला वक्ता म्हणाला, "मावशी, सर परदेशात असतात."

"तू भेटलायस?"

"ऑनलाइन."

"तोंड दिसलं?"

"सरांचा कॅमेरा बंद असतो."

"बरं, तुझे स्वतःचे पैसे आहेत ना यात? त्यातले शंभर रुपये आत्ता काढून दाखव."

"वर्षभर काढता येत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"सरच."

आता कोणी हसेना. प्रीतम खुर्चीत खाली सरकला. त्याचा दोन महिन्यांचा पगार आत होता, आणि हे काकूंना ठाऊक नव्हतं.

वक्त्याने घाम पुसत सरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"परत लाव," काकू पहिल्या रांगेत ऐसपैस बसत म्हणाल्या. "हॉल सहापर्यंत आहे ना? आम्हाला घाई नाही."