रसवंतीची घुंगरं

रसवंतीची घुंगरं वाजली की आजही माझी पावलं तिथे न थांबता भरभर पडतात.

सोलापुरातल्या त्या दवाखान्याच्या खिडकीखाली ती वाजत होती. मोडनिंबच्या आत्याला हुडहुडी भरली होती, डोळे पिवळे झाले होते. वडील तिला कावीळ म्हणून उसाचा रस पाजत होते.

"ही कावीळ अंगात भिनलेल्या जंतूंची वाटते. मूळ जागा लवकर सापडायला हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्या, लघवीला जळजळ होते का?"

"न्हाय की," वडीलच बोलले. "तसलं कायबी न्हाय तिला."

आत्या भिंतीकडे वळली. "दादाला बाहेर पाठवा."

वडील आणि मी बाहेर आलो. दार लागलं.

"सख्ख्या भावाला सांगायचं न्हाय व्हय?" वडील येरझारा घालत राहिले.

माझ्याही मनाला ते दार तेव्हा लागलं होतं. आत्या वाचली, ती त्या बंद दारामागे लपवलेल्या जळजळीबद्दल बोलली आणि मूळ जागा वेळेत सापडली म्हणून.