चार जारचा समुद्र

सेलूत भांड्याची दुकानं पुष्कळ हायेत. पर ज्या दुकानात समुद्र हाय असं दुकान एकच, आन् ते विरेशचं. कुणाला पटत नसंल तर त्यानं स्टेशनावर उतरावं आन् पहिल्या आटोवाल्याला इचारावं. तो दुकानाची पाटी इचारणार न्हाई. "समुद्रवाले का?" म्हणंल आन् सरळ दारात आणून सोडंल.

आत शिरलं की डाव्या हाताला तांब्याच्या घागरी, उजव्या हाताला स्टीलचे डबे, आन् गल्ल्याच्या मागं लाकडी टेबलावर काचेची पेटी. तिच्यावर निळा उजेड. आत दगडावर जांभळी-हिरवी बटणं तोंड उघडून बसल्याली. पाहणाऱ्याला फुलं वाटतेत, पर ती फुलं न्हाईत, जित्ते जीव हायेत. विरेश त्यांना मऊ पोवळे म्हणतो. त्यांच्यामधून पांढऱ्या पट्ट्याचे दोन केशरी मासे हिंडतेत, कपारीत एक लाल झिंगा बसतो, आन् काचेवरून शंखवाल्या गोगलगायी चाटत जातेत.

विरेशचा थोरला भाऊ मल्लिकार्जुन. गल्ल्यावर तोच बसतो. शाळा त्याची आठवीतच सुटली, पर बोलण्यात कुणाला ऐकायचा न्हाई. ताटं घ्यायला बाई आली की तिला आधी पेटी दाखवायचा.

"आमच्या विरेशनं समुद्र आणलाय घरी. अख्ख्या मराठवाड्यात इतकी मोठी टाकी न्हाई."

"दादा, मोठी न्हाई. लहान हाय," विरेश मागून म्हणायचा.

"तू गप रे. गिऱ्हाइकासमोर आपल्या मालाला लहान म्हणतेत का कुठं?"

एकदा मल्लिकार्जुन चिडलाच. "सारखं लहान लहान करायलास. किती असलं की लहान, ते तरी सांग."

विरेशनं दारातल्या फिल्टरच्या पाण्याच्या जारकडं बोट केलं. घरोघर येतो तोच, वीस लिटरचा. "अशे पाच-सहा जार बसतेत तिथवर लहान. एकाच जारात मावंल ती तर लहानाहून लहान. त्याच्या पुढं मधली, मग मोठी. सरकारी माप न्हाई याला. कुणी पाचावर थांबतं, कुणी सातापर्यंत ओढतं. आपली चारची हाय."

"मग सहा जारची तरी घ्यायचीस. निदान लहानात मोठी."

"जागा तेवढीच होती, दादा. तुमच्या परातींनी सोडलेली."

विरेश दहावीनंतर आयटीआय करून पुण्याला गेला होता. तिथं माशांच्या दुकानात टाक्या धुता धुता सगळं शिकला. मालकानं गोड्या पाण्याच्या टाक्या धुवायला ठेवला, ह्यानं खाऱ्या पाण्याच्या जगवायचं शिकून घेतलं. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, गुडघ्यांनी जवाब दिला तवा तो माघारी आला आन् पोवळ्यांचे चार तुकडे, मित्राच्या टाकीत वाढलेले, पिशवीत घालून मांडीवर घेऊन आला. गल्लीतल्या लोकांनी इचारलं, पुण्याहून काय आणलंस? त्यानं पिशवी वर धरली. लोक हसले. आज तेच लोक पाव्हण्याला घेऊन पेटी दाखवायला येतेत.

त्याच्या मनात एकच होतं, आपलं टाक्यांचं स्वतंत्र दुकान. आन् त्या दुकानाची वाट सूर्यभान शेठच्या हातात होती. सूर्यभान शेठनं देवगाव फाट्यावर नवं हाटेल बांधलेलं. तो पराती न्यायला आला आन् पेटीसमोर उभा राहिला, तो हललाच न्हाई.

"मला भिंतभर पाहिजे अशी," तो म्हणला. "आन् बाजूचा एक गाळा खाली हाय. तिथं तू दुकान टाक, माझा समुद्र सांभाळ. पर एक हाय. फाट्यावर ऊन कसं पडतंय ते तुला ठाऊक हाय. मे महिना ह्या पेटीला काढू दे. सरता सरता मी येतो बघायला. जित्ती दिसली तर गाळा तुझा."

"कबूल," विरेशच्या आधी मल्लिकार्जुनच म्हणला.

आता मे महिना म्हणजे काय, ते परभणी जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. तांब्याची घागर दुपारी हाताला चटका देती. आन् लोकांना वाटतं लहान टाकी म्हणजे सोपं काम. उलटं हाय. मोठ्या पाण्याला तापायला दिवस लागतो, लहान पाणी चहासारखं तापतं. विरेशनं पाण्यावर टेबलफॅन लावला, इन्व्हर्टरची तार तिकडं ओढली. पाणी गार राहायलं, पर वाऱ्यानं उडायलं. सकाळी काठोकाठ, संध्याकाळी दोन बोटं खाली.

घर दुकानाच्या मागंच. त्याची आई उमादेवी देवघरातून लिंगपूजा आटोपून आली की वाकून बघायची. "पाणी उडालंय तसं मीठ बी टाक की रे वरून."

"मीठ उडत न्हाई आई. पाणी जातं, मीठ आतच राहतं. वरून फिल्टरचं गोडं पाणीच टाकायचं. आन् एकदम तांब्याभर न्हाई, थोडं थोडं. एकदम टाकलं की चार जारच्या पाण्याला ते झेपत न्हाई."

"मग दिवसभर चमचा घेऊन बसतोस का?"

बसायचाच तो. पर एका सोमवारी महादेवाच्या देवळात गेला आन् पिंडीवर टांगलेल्या गळतीकडं बघत राहिला. उन्हाळ्यात देवाच्या डोक्यावर भांडं टांगतेत, त्याच्या बुडाच्या भोकातून थेंब थेंब पाणी पडतं, ती गळती. पूजा ऱ्हायली बाजूला. तसाच उठला, कुंभाराकडून मडकं आणलं, बुडाला बारीक भोक पाडलं, सेलूच्याच कापसाची वात त्यात घट्ट बसवली आन् दुकानात जुना तराजू टांगायचा आकडा होता, त्याला ते मडकं टांगलं. फॅन जेवढं पाणी उडवायचा तेवढंच मडकं द्यायचं. पुण्यात लोक ह्या कामाला मशीन लावतेत. सेलूत महादेवानं दाखवलं.

अण्णांना मात्र ते मडकं बोचायलं. "तीन पिढ्या तांबं विकलं आपण. दुकानात टांगलंय काय, तर मडकं."

"माती गार राहती अण्णा," विरेश म्हणला.

खरं कारण त्यानं सांगितलं न्हाई. पोवळ्यांना, झिंग्याला, गोगलगायींना तांबं म्हणजे जहर. जरासं जरी पाण्यात उतरलं तरी खलास. पर अण्णांनी जन्मभर गिऱ्हाइकाला सांगितलेलं, रातभर तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवा, सकाळी प्या, दवाखान्याची पायरी चढावी लागणार न्हाई. अशा बापासमोर कोणत्या तोंडानं म्हणायचं, की तुमचं तांबं माझ्या पेटीला मारतं?

मे सरत आला. सूर्यभान शेठचा फोन आला, आज संध्याकाळी येतो. त्याच दिवशी विरेशचं समुद्रीमिठाचं पोतं पुण्याहून ट्रॅव्हल्सनं फाट्यावर उतरायचं होतं. तो सकाळीच गाडी काढून गेला. ट्रॅव्हल्स लेट. तो पोतं घेऊन माघारी आला तवा ऊन कलायलं होतं.

दुकानात शिरला आन् पोतं खांद्यावरच राहिलं. बटणं सगळी मिटलेली. दगड नुसता करडा दिसायलेला. दोन गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडलेल्या. झिंगा कपारीतून बाहेर येऊन झटके द्यायलेला. आन् वर, तराजूच्या आकड्याला, मडक्याच्या जागी तांब्याची गळती. नवी कोरी, लखलखीत. थेंब पडत होता, टप, टप.

"आई, हे कधी टांगलं?"

उमादेवी कौतुकानं पुढं आली. "तू गेल्या गेल्या. शेठ येणार, आन् आपल्या दुकानात मडकं? अण्णांनी खास काढून दिली, मी चिंचेनं घासली. बघ कशी दिसायली."

विरेशनं हात वर केला, गळती उतरवली आन् खाली ठेवली. मग म्हणला, "आई, ह्या जीवांना तांबं चालत न्हाई. मरतेत ते."

उमादेवीनं पदर तोंडाला लावला. अण्णा खाटेवर उठून बसले. "तांबं? तांब्यानं मरतेत?"

"माणसाला चांगलं हाय अण्णा. यांना न्हाई."

"मग आधी कामून बोलला न्हाईस?"

"तुमाला कसं म्हणू, तेच कळंना."

अण्णा खाटेवरून उतरले. काठी घेतली आन् पेटीजवळ येऊन उभे राहिले.

मल्लिकार्जुननं शटरकडं बघितलं. "शटर ओढू का? शेठला सांगतो, दुकान बंद हाय."

"शटर नको. जार पाहिजेत. नागसेनला फोन लावा, म्हणावं जेवढे भरलेले हायेत तेवढे घेऊन ये."

नागसेन फिल्टरच्या पाण्याचा प्लांट चालवतो. छोटा हत्ती घेऊन तो लगेच दारात. "लग्न हाय का घरात?" म्हणायलेला, पर विरेशचं तोंड बघून गप जार उतरवायला लागला. प्लास्टिकचे टब आले. तांब्यापितळेच्या दुकानात प्लास्टिकचे टब पहिल्यांदा मांडले गेले. विरेश मीठ टाकायचा, खारटपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी डोळ्याला लावायचा, परत चिमूटभर टाकायचा. ढवळायला मल्लिकार्जुन. पैलवानाचा हात त्याचा, पाणी भवऱ्यासारखं फिरायचं. मीठ पुरतं विरघळलं, की विरेश पाइप लावून पेटीतलं पाणी खाली सोडायचा आन् तेवढंच नवं आत घ्यायचा. कोळशाची पिशवी पाण्यात सोडली, राहिलेलं तांबं ओढून घ्यायला. एकदा पाणी बदललं, दुसऱ्यांदा बदललं, तिसऱ्यांदा बदललं.

मल्लिकार्जुन घाम पुसत म्हणला, "विरेश, आन् ही भिंतभर असती तर?"

"तर इतकं पाणी कुठून आणलं असतं दादा? बसून बघितलं असतं नुसतं."

मल्लिकार्जुननं ढवळणं थांबवलं. चार जारच्या पेटीकडं बघितलं. मग परत हात घातला, पहिल्यापेक्षा जोरानं.

तेवढ्यात सूर्यभान शेठ दारात. फरशीवर पाणी, टब, जार. "हे काय, समुद्र धुवायलाव का तुमी?"

"सर्व्हिसिंग शेठ," मल्लिकार्जुन चटकन म्हणला. "महिन्याला करावी लागती."

विरेशनं पाइप हातातच धरला होता. गाळा त्याच्या डोळ्यासमोर होता, शटरसकट. "सर्व्हिसिंग न्हाई शेठ. पाण्यात तांबं उतरलं. सकाळपासून उतरायलेलं. मी घरी नव्हतो, आन् घरात सांगून ठेवलं नव्हतं. पाणी पूर्ण बदललंय. वाचली का न्हाई ते आज कळणार न्हाई."

शेठनं वाकून बघितलं. मिटलेली बटणं. "म्हणजे मे महिना न्हाई निघाला."

"ऊन काढलं तिनं. तांब्यानं घोळ केला," अण्णा मागून म्हणले. "तांबं माझं होतं शेठ. पोराकडं बोट करू नका."

शेठ स्टुलावर बसला. उमादेवीनं चहा दिला. तो चहा पिऊन झाल्यावर म्हणला, "माझ्या हाटेलात तर लेकरं नाणी टाकतील, कुणी चहा ओतंल. भिंतभर टाकीत असं झालं तर काय करशील?"

"म्हणून म्हणतो, भिंतभर नका करू. मोठं पाणी सावकाश बिघडतं, खरं हाय. पर बिघडलं तर सावरायला टँकर लागतो. सहा जारची घ्या, गल्ल्यावर, तुमच्या नजरेसमोर. जे बिघडंल ते एका दुपारीत काढतो."

"लहान दिसंल रे."

"लहानच हाय ती."

शेठ उठला. "आठवड्यानं येतो. बटणं उघडली तर बोलू."

पहिले दोन दिवस पेटीकडं बघवत नव्हतं. गोगलगायी गेल्या. झिंगा कपारीत शिरला तो दिसंना. उमादेवी लिंगपूजा झाली की येऊन पेटीसमोर हात जोडायची. मडकं परत आकड्यावर टांगलं होतं, अण्णांनी स्वतःच्या हातानं. वात बी त्यांनीच वळली. मग एका सकाळी उमादेवी ओरडली, "विरेश, एकानं डोळा उघडलाय रे." एक जांभळं बटण, अर्धं उघडं. दुपारपर्यंत शेजारचं. शेठ आला त्या दिवशी अर्धा दगड फुललेला होता, आन् पाहुणा आल्यासारखा झिंगा मिशा हलवत बाहेर येऊन बसला.

शेठनं बराच वेळ बघितलं. मग खिशातून गाळ्याच्या शटरची किल्ली काढून गल्ल्यावर ठेवली.

आता फाट्यावर जावा. हाटेलात शिरलं की गल्ल्यावरच पेटी हाय, वर मडकं टांगलंय, आन् बाजूच्या गाळ्यात विरेशचं दुकान. ते मडकं उमादेवीनं सेलूहून एसटीत मांडीवर धरून नेलं. कंडक्टर म्हणला, "मावशी, भांड्यावाल्याच्या घरच्या तुमी, आन् मडकं?" ती म्हणली, "तांबं तुमाला. समुद्राला मातीच लागती."

भांड्याच्या दुकानात मल्लिकार्जुन अजून बाईमाणसाला पेटी दाखवतोच. परवा एक जण म्हणली, "लय मोठी टाकी हाय हो."

"मोठी कुठली ताई," मल्लिकार्जुन छाती काढून म्हणला. "चार जारची हाय. लहान हाय. असली लहान अख्ख्या मराठवाड्यात कुणाला जमणार न्हाई."