चाकोरीवरचा उजेड

अन्याय झाला माझ्या चुलतीवर. कधी? २००६ च्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी. कासार आंबोलीत तिच्या खाचराकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्याने लोखंडी गेट लावलं, कुलूप घातलं आणि आतल्या कातळावर मुरूम ओतला. कापलेला भात पलीकडे पडून, बैलगाडी अलीकडे. वर हा साहेब म्हणतो, "इथे वाट कधी नव्हतीच."

वाट होती. बैलगाड्यांच्या चाकांनी कातळात चाकोऱ्या पाडल्या होत्या. त्यावर मुरूम टाकायची घाई कशासाठी, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

माझ्याकडे त्याच दिवाळीतला, वसुबारसेचा एक फोटो होता. त्याच जागी चुलती गाय-वासराला ओवाळतेय, मागे बंगल्याच्या कंपाउंडची तेव्हा बिनगेटची भिंत, भिंतीमागे मावळतीचा सूर्य. आभाळ लख्ख आणि गाईच्या पायाखाली नुसता काळोख. पण पत्रकं छापताना फोटोशॉप शिकले होते, म्हणून एवढं ठाऊक होतं की काळं दिसतं तिथेही काहीतरी असतं.

फोटोची प्रत त्याच फोटोवर ठेवली आणि वरच्या थराचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्यात मिसळायची पद्धत, 'स्क्रीन' केला. सावली उजळली. आभाळ पांढरंफटक पडलं, तेवढा भाग वरच्या थरातून झाकला. आणखी एक थर, पुन्हा स्क्रीन. गाईच्या खुरांशी दोन चाकोऱ्या उमटल्या, सरळ गेटच्या जागेतून आत गेलेल्या. ब्रशला मी हात लावला नाही. एक रेघ जरी ओढली असती तर सगळंच खोटं ठरलं असतं.

दुधाच्या टेम्पोतून अख्खा कॉम्प्युटर ग्रामपंचायतीच्या सभेत नेला. लाईट नव्हती. ती येईपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

फोटो पाहून साहेब हसले. "फोटोशॉपमध्ये काहीही करता येतं. उद्या इथून विमान गेलेलं दाखवतील."

चुलती म्हणाली, "इमान ऱ्हाऊ द्या सायेब. माजी गाडी कुटनं जायाची तेवढंच बगा."

सरपंचांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पोरी, खरं सांग. ह्यात काय घातलंस?"

"उजेड."

"आनि?"

"आणि काही नाही." मी वरचे दोन्ही थर बंद केले. काळोख. चालू केले. चाकोऱ्या. पुन्हा बंद. पुढच्या बाकावरचे एक आजोबा उठले आणि पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"आरं, ह्या काळ्यातबी हायेत की! अंधुक हायेत, पर हायेत."

साहेब म्हणाले, "हा काय पुरावा झाला?"

"न्हाई ना?" सरपंच उठलेच. "मंग फावडी घ्या रं. मुरूम काय फोटोत न्हाई, जाग्यावर हाय."

सगळी सभा गेटवर. साहेबांनी कुलूप काढलं, काढावंच लागलं. चार माणसांनी मुरूम ओढला आणि खालून कातळ निघाला, चाकोऱ्यांसकट. चुलतीने चप्पल काढून एका चाकोरीत पाऊल ठेवलं आणि साहेबांना म्हणाली, "बगा, अजून माझ्या मापाची हाय." भात त्याच संध्याकाळी गाडीतून घरी आला.

तुमच्या वाटेवर गेट लागायची वाट बघू नका. आज जा, फोटो काढा. नंतर त्यावर उजेडाचे हवे तेवढे थर चढवा, पण खालचा मूळ फोटो पुसू नका. आणि कुणी खोटं म्हटलं तर चारचौघांत थर बंद करून दाखवा.