सासूबाईंनी सांगितलेलं माझं जेवण

पहिल्या वेळी मला सातवा महिना लागला तेव्हा मी दिवसभर भुकेने चिडलेली असायचे. किरनापूरजवळच्या आमच्या गावी घरात धान चिक्कार. पण सासूबाईंचं ठाम मत होतं की गरोदर बाईने बेताचं खावं, नाहीतर पोर मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं. त्या स्वतः पहिलटकरीण असताना मरता मरता वाचल्या होत्या, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. मूठभर भात वाढून त्या म्हणायच्या, "बस झालं. तुले का कुस्ती खेळाची हाय?"

त्यातच बालाघाटच्या एका संस्थेची मुलगी स्कूटीवर आली. गरोदर बायका खरोखर काय खातात, यावर त्यांच्याकडे संशोधन चाललं होतं. तिने मला विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सुरू झाल्या. परक्या माणसापुढे घराच्या अब्रूचा प्रश्न होता. "आमच्या घरी का कमी हाय? सकाळी गिलासभर दूध, केळं. मंग भात, वरण, भाजी, वरून तूप. संध्याकाळी फुटाणे-गूळ. अंडं बी खाते." मी थक्क होऊन ऐकत राहिले. माझं कालचं जेवण इतकं झकास झालं होतं आणि मलाच पत्ता नव्हता.

मुलीने पिशवीतून लहानमोठ्या वाट्या काढल्या. "अम्मा, वरण यातल्या कोणत्या वाटीने?" सासूबाईंनी सगळ्यात मोठीवर बोट ठेवलं. मुलगी ते मोबाइलमध्ये भरत गेली आणि निघताना सहज म्हणाली, "मी मधूनमधून न सांगता येईन. तेव्हा ताटातलं मोजून बघावं लागतं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी घरात अंडी आली.

मग बाहेर गाडी वाजली की सासूबाई पातेलं घेऊन माझ्याकडे धावायच्या. कधी तो गॅसवाला निघायचा, कधी शेजारचा जावई, पण तोवर माझ्या ताटात वरण पडलेलं असायचं. गावातल्या तमाम मोटारसायकलींचं भलं होवो, असं मला मनापासून वाटायचं.

वाढताना मात्र त्या म्हणायच्या, "पोर अडलं तं तुह्या मायले मी का सांगू?" तेव्हा मलाही भीती वाटायची. ती स्कूटीवाली मुलगी पुन्हा आली तेव्हा तिला विचारलं, तर ती म्हणाली, "कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपं होत नाही, आई आणि बाळ अशक्त होतात. फक्त बाळंतपणाला दवाखान्यात जा."

दवाखान्यातच मुलगी झाली, गुटगुटीत, कुठे न अडता. सासूबाईंनी नर्सला बजावून सांगितलं, "मी खाऊ घातलं हिले."

पुढे धाकट्या जावेला दिवस गेले. तोवर ते संशोधन संपलं होतं, स्कूटीही येईनाशी झाली होती. सासूबाई जावेच्या ताटात मोठ्या वाटीने वरण ओतत होत्या. मी मुद्दाम म्हटलं, "आई, आता मोजाले कोनी येत नाही."

"हौ, माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "तू तूप आण."