बँडेज गुंडाळलेल्या स्की

स्वप्ना जावीर ज्या गावात वाढली ते आटपाडीच्या पूर्वेला, पोळपाटासारख्या सपाट माळावर आहे. चढण म्हणजे काय, हे तिला पाझर तलावाच्या बांधापुरतंच ठाऊक. वडील राजाराम फौजेतून नायक होऊन परतलेले, आई अंगणवाडीत मदतनीस. स्वप्नानं मिरजेत नर्सिंग केलं, सांगलीतल्या एका दवाखान्यात तीन वर्षं काढली आणि मैत्रिणीनं दाखवलेली जाहिरात बघून थेट हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यात नोकरीला गेली. तिथं एक संस्था हिवाळ्यात आरोग्यकेंद्र चालवायची. सहा महिने रस्ता बंद. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचं तर स्कीवर.

"एक हिवाळा करून येते," असं घरी सांगून ती गेली होती. ही गोष्ट तिच्या दुसऱ्या हिवाळ्यातली.

केंद्रात तिच्याखेरीज मराठी बोलणारं एकच माणूस होतं. उदयसिंह, पाटणकडचे, बावन्न वर्षांचे, निवृत्त हवालदार. फौजेतली बारा वर्षं त्यांनी बर्फात काढली होती, म्हणून संस्थेनं त्यांना पथकांबरोबर वाटाड्या म्हणून ठेवलं होतं. स्वप्ना त्यांना मामा म्हणायची. ते तिला लोकांसमोर सिस्टर म्हणायचे, एरवी पोरी.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वरच्या थांगमो वाडीहून वायरलेसवर निरोप आला. डोल्मा नावाची बावीस वर्षांची पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या होत्या आणि उजाडता उजाडता तिला आकडीचा झटका येऊन गेला होता. मागच्या तपासणीत डोल्माचा रक्तदाब वाढलेला दिसला होता आणि 'आठ दिवसांत खाली ये' असं स्वप्नानंच तिला सांगितलं होतं. मग बर्फ सुरू झाला आणि थांबलाच नाही. आता दुसरा झटका यायच्या आत इंजेक्शन पोचायला हवं होतं.

झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियमच्या काचेच्या कुप्या गोठू नयेत म्हणून स्वप्नानं मोज्यात गुंडाळून जाकिटाच्या आत, छातीशी ठेवल्या. आठ वाजता दोघं निघाले.

त्यांच्या स्की मेण न लावता चालणाऱ्या होत्या. तळाला, बरोबर पायाखालच्या भागात, माशाच्या खवल्यांसारखे बारीक दाते. पुढं सरकताना ते आडवे येत नाहीत, मागं घसरू लागलं की बर्फात रुतून पाय धरून ठेवतात. निदान तसं त्यांनी करायचं असतं. खड्या चढणीसाठी खालून चिकटवायच्या केसाळ पट्ट्याही असतात, पण केंद्रात त्यांची एकच जोडी होती आणि ती दुसऱ्या पथकाबरोबर पलीकडच्या खोऱ्यात गेली होती.

दोन तास सपाटीनं बरे गेले. मग ओढ्याच्या कडेनं तिरकी वाट चढत असताना पुढं असलेल्या उदयसिंहांची एक स्की टणक बर्फावरून सटकन मागं आली. ते कुशीवर पडले आणि वीसेक फूट घसरत जाऊन एका खडकाला अडकले. स्वप्ना पोचली तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय न्हाई गं. मुरगाळलाय पाय."

"बघू द्या मला. बूट काढा."

"बूट काढला तर परत चढायचा न्हाई. दोरीनं आवळून बांध, तसंच."

तिनं पिशवीच्या दोरीनं बूट आणि पोटरी आवळून बांधली. बांधताना त्यांनी दात आवळले, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"मामा, आपण परत जाऊ."

"आन त्या बाईचं काय?" ते खेकसले. "ह्यो चढ चढलीस की वाडी. दीड तास. गेल्यावर चार गडी पाठव माझ्याकडं. खडकाचा आडोसा हाय, थर्मासात चहा हाय. मी काय मरतूय व्हय?"

"मला एकटीला नाही जमायचं. माझ्या स्की चढाला धरतच नाहीत."

"उलट्या कर बघू."

तिनं स्की काढून उलटी केली. दात्यांमध्ये बर्फ थिजून गुळगुळीत पापुद्रा झाला होता. ऊन वर आल्यावर ओला झालेला बर्फ सावलीत येताच तिथं गोठला होता. उदयसिंहांनी खिशातून प्लास्टिकची पट्टी काढून दिली. तिनं एकेक दाता खरवडून मोकळा केला. मग त्यांनी पिशवीतला मेणबत्तीचा तुकडा दात्यांवर हलका फिरवायला लावला, म्हणजे बर्फ पुन्हा चिकटत नाही.

"आता ऐक. तू चढाला वाकतीस. वाकलीस की वजन बोटांवर जातंय, मधला भाग उचलतोय, मग दातं बर्फाला लागायचं कुठनं? सरळ हुबी ऱ्हा. टाच दाब. बारकं पाऊल टाक."

स्वप्नानं त्यांच्याकडं पाहिलं. एका बाजूला हे, एका बाजूला वर वाडीतली डोल्मा. जाकिटातल्या कुप्या तिच्या छातीला टोचत होत्या. तिनं आपली जादा शाल त्यांच्या अंगावर टाकली आणि वळली.

पहिल्या दहा पावलांत ती दोनदा घसरली. खालून आवाज आला, "वाकू नगंस! पायाकडं बगू नगं, वर बग!" तिनं पाठ ताठ केली. टाच दाबली. खरखर आवाज झाला आणि स्की जागच्या जागी थांबली. दुसरा पाय. पुन्हा खरखर. "आसं! आसंच!" आवाज लहान लहान होत गेला आणि धारेच्या वळणावर बंद झाला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाऊल पुढं पडलं नसतं, असं ती नंतर सांगायची.

निम्म्या चढावर ढग उतरले. डावीकडं ओढ्याचा कडा, उजवीकडं बर्फानं लदलेला उतार, कधीही सुटेल असा. त्यामुळं नागमोडी वळणं घेत चढायची सोय नव्हती, मधल्या अरुंद धारेवरूनच सरळ जायचं. आणि तिथं वाऱ्यानं बर्फाची काच केलेली. दाते स्वच्छ होते, वजन बरोबर होतं, तरी पाय धरेना. तिनं जोर केला. दोन्ही स्की एकदम सुटल्या आणि ती पोटावर आपटून खाली सरकू लागली. काठी रोवली, निसटली. दुसरी काठी दोन्ही हातांनी दाबली तेव्हा ती थांबली. डावा पाय कड्याच्या बाहेर लोंबकळत होता.

किती वेळ ती तशी पडून होती कुणास ठाऊक. आधी तिनं जाकिटात हात घालून कुप्या चाचपल्या. शाबूत होत्या. मग पाय आत घेतला आणि ती बसून रडली. स्की काढून चालावं म्हणून एक पाय खाली ठेवला, तर वरची काच फुटून ती मांडीपर्यंत आत गेली. तसं जायला संध्याकाळ झाली असती.

दोरी असती तर स्कीला गुंडाळली असती. दोरी मामांच्या पायाला होती. तिनं पिशवी उघडली. बँडेजचे सहा गुंडाळे.

जखम बांधण्यात तिचा हात बसलेला होता. बुटाच्या पुढं-मागं, दात्यांवरूनच, तिनं सुती बँडेज तिरपं तिरपं घट्ट आवळलं, खालच्या बाजूला मुद्दाम पीळ आणि गाठी ठेवल्या, वरून चिकटपट्टी मारली. बर्फानं ओलसर झालेलं बँडेज लगेच गोठून खरबरीत झालं. तिनं पाऊल टाकलं. धरलं. सरकायचं सुख गेलं होतं, पाय लाकडासारखा उचलून ठेवायला लागत होता, पण मागं येत नव्हता. पन्नास पावलांवर एक बँडेज फाटलं. तिनं बसून दुसरं बांधलं. मग तिसरं. टाच, श्वास, टाच. वरच्या माथ्यावर पोचली तेव्हा शेवटचे दोनच गुंडाळे उरले होते.

थांगमोत पोचायला दीड वाजला. डोल्माला पाच मिनिटांपूर्वीच दुसरा झटका आला होता. जीभ चावलेली, डोळे फिरलेले. स्वप्नाची बोटं इतकी बधिरली होती की कुपी फोडताना अंगठा कापला. तिनं कमरेखाली दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलं, डोल्माला कुशीवर वळवलं आणि मगच तिच्या सासऱ्याला मोडक्या हिंदीत म्हणाली, "नीचे एक आदमी है. चार लोग भेजो. जल्दी."

तिसरा झटका आला नाही. दिवस मावळायच्या सुमाराला मुलगी झाली. लहानशी, निळसर, पाठ चोळल्यावर रडली. नाळ बांधून होते न होते तोच दाराच्या फळीवर घालून चौघांनी उदयसिंहांना आणलं. स्वप्नानं बूट कापला. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती आणि मोडलेलं टोक कातडीखाली उंच आलं होतं. पायाची दोन बोटं काळी पडली होती.

"मुरगाळलाय म्हणाला होतासा!" ती किंचाळली. एवढ्या माणसांत ती त्यांच्यावर असा आवाज चढवेल असं तिलाही वाटलं नव्हतं. "मी तुमाला तिथं टाकून आले!"

उदयसिंहांनी डोळे मिटूनच विचारलं, "झटकं थांबलं का तिचं?"

"थांबले."

"मग बांध की पाय. वरडतीस कशाला?"

तिसऱ्या दिवशी ढग फाटल्यावर हेलिकॉप्टर आलं. डोल्मा, तिची मुलगी आणि उदयसिंह, तिघंही वाचले. ती दोन बोटं मात्र काढावी लागली.

मे महिन्यात स्वप्ना रजेवर आली आणि घरी चार दिवस राहून पाटणला गेली. उदयसिंह ओसरीवर पाय लांब करून बसले होते. त्यांच्या बायकोनं, बनुबाईनं, तिच्यापुढं फणसाचे गरे ठेवले आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच व्हय ती?" बनुबाई म्हणाली. "ह्यांला बर्फात सोडून गेलीस ती?"

स्वप्नाची मान खाली गेली. "व्हय, मामी."

"खरं सांग. पाय मोडलाय म्हणून ह्यांनी सांगितलं आस्तं, तर गेली आस्तीस का?"

खोटं बोलणं सोपं होतं, दोन्ही बाजूंनी.

"ठाऊक न्हाई, मामी," स्वप्ना म्हणाली. "रोज इचार करते. ठाऊक न्हाई."

बनुबाईनं पदरानं नाक पुसलं. गऱ्यांचं ताट तिच्याकडं आणखी सरकवलं. "खा," ती म्हणाली. "लय वाळलीस."

नोव्हेंबरात स्वप्ना पुन्हा वर गेली. आधी ती एकटीच निघायची; या खेपेला वडील राजाराम तिला पोचवायला मिरजेच्या स्टेशनापर्यंत आले होते.