दस्तीवर धरलेली जागा

माझं काम ऐकून लोक हसतात. कॉम्प्युटरच्या पार पोटात, कर्नल म्हणतात त्याला, तिथला कचरा मी काढते. नांदेडात शेजारच्या काकूंना वाटतं मी कॉम्प्युटर पुसते. वाटू दे. समजावत बसायचा माझा स्वभाव न्हाई. आणि खरं सांगायचं तर दुपारी पंख्याखाली तो कोड वाचताना मी नांदेडात नसतेच. मी लातुरात असते, चाचीच्या पत्र्याखाली.

भूकंपात आमच्या निलंग्याकडच्या गावातली माळवदं बसली. त्यात माझी आत्या गेली. तेव्हापासून अप्पा, म्हणजे माझे वडील, दगडामातीच्या छताखाली झोपले नाहीत. स्लॅबखाली तर पाणी प्यायलाही थांबत नसत. मी दहावीला बरे मार्क पाडले तेव्हा जो तो लातूरला क्लाससाठी पोरं धाडत होता. अप्पांनी एकच अट घातली. "पत्र्याखाली जागा मिळाली तर शीक, न्हाईतर घरी ये." लातुरात तर जिकडंतिकडं स्लॅबच उठत होते. मुलींसाठी पत्र्याची अभ्यासिका एकच, चाचीची. नवरा वारल्यावर त्याच्या लाकडाच्या वखारीत तिनं बाकं टाकली होती, झोपायचंही तिथंच. मला भिंतीकडची जागा मिळाली. ती गेली असती तर माझं शिक्षण गेलं असतं.

जागा धरायची रीत आम्ही एसटीतून आणलेली. खिडकीतून दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकली की सीट आपली, तशी बाकावर दस्ती ठेवायची आणि गावाला जाताना मैत्रिणीला सांगून जायचं. कुणी विचारलं की तिनं म्हणायचं, "येणार हाय ती." असं म्हणणारी कुणी असेल तोवर चाची दस्तीला हात लावत नसे. माझ्यासाठी म्हणायची ती शेजारची हदगाववाली. तिच्यासाठी मी. पिवळी दस्ती तिची, कडेला निळा दोरा. दुपारभर पत्र्यावर चिंचेचा पाला गळायचा, ती डोळे मिटून सूत्रं पुटपुटायची, आणि मला तिच्या आवाजात गाढ झोप लागायची.

एका दुपारी जमिनीतून गुरगुर आली. पत्रा कितीतरी वेळ वाजत राहिला. ती दुपार मला अजून पाण्याखालून बघितल्यासारखी दिसते: कवडशात तरंगणारी धूळ, आणि दाराकडं पळणाऱ्या पोरी, सगळ्या सावकाश. त्याच पावली आम्ही स्टँडवर. मी निलंग्याच्या गाडीत, ती नांदेडच्या. खिडकीतून ती म्हणाली, "माझी जागा बघ गं." मी म्हणाले, "तू माझी बघ." दोघी निघालेल्या, आणि जागा कोण बघणार? काय म्हणावं त्या अकलेला.

सगळ्यांनी तेच केलं होतं. वखार दस्त्यांनी भरलेली, आत माणूस नाही, आणि दारात नव्या पोरी बापांसकट उभ्या. चाची थांबली बिचारी बरेच दिवस. मग ज्या चार-दोन पोरी परतल्या त्यांना तिनं विचारलं, तुम्ही कुणासाठी धरून आहात? त्यांनी दाखवल्या तेवढ्या दस्त्या राहिल्या. बाकीच्या नुसत्या एकमेकींच्या भरवशावर होत्या, त्या तिनं पिशवीत भरल्या.

कर्नलमध्ये हुबेहूब असंच होतं. दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते सॉकेटमधून, आणि एक सॉकेट दुसऱ्याच्या टपालात घालून पाठवताही येतं. कधी पहिलं दुसऱ्याच्या न उघडलेल्या टपालाच्या रांगेत पडलेलं असतं, दुसरं पहिल्याच्या, आणि दोघांचे मालक, म्हणजे ते प्रोग्राम, केव्हाच उठून गेलेले. तरी प्रत्येकासाठी कुणीतरी म्हणतंच असतं, येणार हाय. ती जागा काही सुटत नाही. पूर्वीची सफाई दर खेपेला सगळी वखार पालथी घालायची, तोवर बाकीचे खोळंबायचे. मी ती बदलली. कोण कुणाच्या रांगेत बसलं हे पाठवतानाच टिपायचं, एकमेकांत अडकलेल्यांची गाठ ओळखायची, आणि संशय येईल तेवढीच गाठ तपासायची. मशीन कसं हलकं झालं. मला त्याचा गर्व आहे, कशाला लपवू?

तर चाचीनं दस्त्या उचलल्या त्याच संध्याकाळी मी अप्पांसोबत पोचले. माझ्या जागी दुसरीच बसलेली. मी चाचीशी कडाकडा भांडले. ती शांतपणे म्हणाली, "तू वाटंत हाईस हे मला कुणी सांगावं, बेटा?" अप्पांनी पायात चपला सरकवल्या. तेवढ्यात चाचीनं दाराजवळचं आपलं शिलाई मशीन बाजूला ओढलं. "इथं बस." अप्पांनी वर पाहिलं. पत्राच होता. "बरं," म्हणाले.

पिशवीतून पिवळी दस्ती शोधून मी माझ्या शेजारी अंथरली, परीक्षेपर्यंत. ती आली नाही. मला तिचा लई राग यायचा.

परवा ती नांदेडच्या बाजारात भेटली, हातात भाजीची पिशवी. उसाच्या रसाला बसलो. मी भांडणच काढलं. "आली न्हाईस तू."

"आले होते की," ती म्हणाली. "चाची दस्त्या पिशवीत भरत होती, त्याच दुपारी. दारातूनच बघितलं. माझ्या जागी कुणी बसलेली, त्याचं काही न्हाई. पण तुझीही दस्ती नव्हती. वाटलं, तूच सोडून गेली. बाबा म्हणाले, चल. वैशाखात लग्न झालं."

"मी संध्याकाळी आले."

"हाव का," म्हणाली, आणि रस पीत राहिली.

घरी येऊन कोड उघडला. माझ्या सफाईत तीच फट होती. गाठ तपासत असतानाच कुणी रांगेतलं सॉकेट उचलून घेत असेल, तर मालकाच्या हाती ते पडायच्या आधीच सफाईला सगळी गाठ बेवारस दिसते. चालतं-बोलतं सॉकेट कचऱ्यात जातं. मी आणखी एक तपासणी घातली: फेकायच्या आधी पुन्हा बघ, मधे कुणी हात घातलाय का. घातला असेल तर राहू दे, पुढच्या खेपेला बघू.

कोड तपासणाऱ्या परदेशातल्या माणसानं विचारलं, ही जास्तीची तपासणी कशाला? वाटेत असलेलं असं कुणी प्रत्यक्षात सापडतं का?

मी लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं, आणि एकच शब्द पाठवला, "सापडतं." मग चाचणी लिहिली. तिच्यात एक सॉकेट वाटेत ठेवलं आणि त्याच वेळी सफाई सोडली. त्या सॉकेटला मी हदगाव नाव दिलं. चाचणी चालवली. हदगाव पोचलं, आणि मी पंख्याखाली बसून पोटभर रडले.