फोर-के स्क्रीनचा लॅपटॉप

लग्नाचे फोटो नवरा काढायचा आणि ते एडिट मी करायचे, कांदिवलीच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. नवा लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा मी म्हणाले, "स्क्रीन साधी चालेल रे, पण रॅम जास्तीची घे." त्याने फोर-के स्क्रीनचा आणला, रॅम मात्र कमीच. गिऱ्हाइकावर छाप पडते म्हणाला.

छाप पडायची. पण मी नवरीच्या गालावरचा डाग पुसायला घेतला की लॅपटॉप अडकायचा आणि डाग जाईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसायचे. शेवटी मी स्क्रीनचं रिझोल्युशन निम्म्यावर आणलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकायला लागलं.

एका रविवारी एक जोडपं फोटो बघायला आलं. रिझोल्युशन परत वाढवायचं मी विसरले होते. फोटो पुसट दिसले. नवरा त्यांच्यासमोरच म्हणाला, "हिने सेटिंगची वाट लावलीय. हिला यातलं काही कळत नाही."

मी चहा ठेवायला आत गेले. त्यातला एकेक फोटो माझ्या हाताखालून गेला होता, पण ते सांगायला मी बाहेर आले नाही. नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा मला त्या न सांगण्याचाच राग जास्त येतो, अजूनही.